बाळ आजीकडे, आपण इटालियनला: दोघांच्या दुपारच्या जेवणाचा बेत, क्रमाने

पास्ता टेबलावर येतो, पहिला घास तोंडात जातो आणि घरून फोन येतो: “रडतोय गं, थांबतच नाहीये.” मग बाकीचं जेवण पार्सल होतं आणि परतीच्या वाटेवर दोघंही गप्प. असं होतं तेव्हा दोष बाळाचा नसतो, आजीचाही नसतो. हॉटेल आधी ठरतं, वेळ नंतर ठरते आणि बाळाची झोप शेवटी आठवते, म्हणून होतं. क्रम उलटा हवा. पुढचं सगळं साताऱ्यात राहणाऱ्यांसाठी, दहा महिने ते तीन वर्षांच्या मुलांना धरून लिहिलं आहे. अंगावर पिणाऱ्या तान्ह्या बाळांसाठी वेगळं काय करायचं ते जिथल्या तिथे दिलं आहे.

टप्पा १: वार आणि तारीख

रात्रीचं जेवण पहिल्यांदा नको. संध्याकाळनंतर मुलांना आईच लागते आणि झोपवताना तर लागतेच. दुपारचं तसं नाही. बाळ जेवून दोन तास झोपतं, म्हणजे सांभाळणाऱ्या माणसाला प्रत्यक्षात दीड-दोन तासच सांभाळायचं असतं.

तारीख धरण्याआधी भिंतीवरचं कॅलेंडर बघा. संकष्टी, एकादशी, श्रावणी सोमवार, मार्गशीर्षातला गुरुवार. दोघांपैकी एकाचा उपास असेल तर इटालियन हॉटेलात त्याच्या वाट्याला फक्त पाणी येतं. आजीचा उपास असेल तर तिच्याकडून धावपळीची अपेक्षा धरू नये. तिची भिशी, भजनी मंडळ, आजोबांची डॉक्टरची वेळ हेही त्याच वेळी विचारून घ्या.

रविवारपेक्षा शनिवार बरा आणि शनिवारपेक्षा अर्धी रजा टाकून आठवड्यातला मधला वार बरा. रविवारी दुपारी हॉटेलात गर्दी आणि स्वयंपाकघरावर ताण. बाळ पाळणाघरात ठेवणार असाल तर बरीच पाळणाघरं रविवारी बंदच असतात. सप्टेंबर-ऑक्टोबरात कासचं पठार फुललेलं असताना शनिवार-रविवारी त्या वाटेवरच्या यवतेश्वराच्या बाजूला जायचं ठरवू नका. वाहनांच्या रांगेतच दुपार संपते.

तपासा: त्या दिवशी तुमच्या भागात महावितरणचा देखभालीसाठी वीज बंद ठेवण्याचा वार तर नाही ना? पंखा बंद पडला की झोप मोडते, आणि झोप मोडली की बेत मोडतो.

टप्पा २: सांभाळणाऱ्या माणसाशी बोलणं

सर्वांत जास्त चुका इथेच होतात. पहिली चूक म्हणजे गृहीत धरणं. “आई, शनिवारी आम्ही जेवायला बाहेर जातोय, बाळ आहेच तुमच्याकडे,” हे सांगणं झालं. विचारणं असं असतं: “आई, शनिवारी पावणेबारा ते साडेतीन बाळाला बघाल का? जमणार नसेल तर पुढच्या आठवड्यात बघू.” वेळ आकड्यात सांगा. “लवकर येतो” याचा अर्थ प्रत्येकाच्या घड्याळात वेगळा असतो.

दुसरी चूक आजी-आजोबांच्या जेवणाची. तुम्ही बाहेर जेवणार आणि त्यांनी बाळ कडेवर घेऊन पोळ्या लाटायच्या, हे बरोबर दिसत नाही. निघण्याआधी भाजी, आमटी, भात आणि पोळ्या तयार हव्यात. फक्त गरम करून घ्यायचं काम उरलं पाहिजे.

घरात मोठं माणूस नसेल तर रोज कामाला येणाऱ्या मावशी किंवा शेजारच्या काकू. अट एकच: बाळाने त्यांच्या हातून आधी किमान दोनदा खाल्लेलं असावं.

सावधान: मुलं साधारण आठव्या महिन्यापासून दीड वर्षापर्यंत आई दिसेनाशी झाली की जास्त रडतात. हे वाढीतलंच आहे. या वयात पहिलाच प्रयोग साडेतीन तासांचा करू नका.

टप्पा ३: रंगीत तालीम

दोन तालमी पुरतात. पहिली अर्ध्या तासाची: दोघांनी कोपऱ्यापर्यंत चालत जाऊन यायचं. दुसरी दीड तासाची, आणि ती दुपारच्या जेवणाच्या वेळीच घ्यायची, म्हणजे बाळ आजीच्या हातून जेवतं का आणि आजीच्या थोपटण्याने झोपतं का हे कळतं. जेवतं पण झोपत नाही, असं निघालं तर अजून एक तालीम. जेवतच नाही असं निघालं तर बेत पंधरा दिवस पुढे ढकला.

तालीम करायला लोकांना कमीपणा वाटतो, असं दिसतं. घरचीच माणसं आहेत, तालीम कसली? पण आजी रोज घरात असली तरी आई घरात असताना बाळाला सांभाळणं आणि आई घरात नसताना सांभाळणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

टप्पा ४: हॉटेल आणि अंतर

आता हॉटेल. गणित असं: जायला लागणारा वेळ, अधिक यायला लागणारा वेळ, अधिक जेवणाचे पावणेदोन तास. बेरीज साडेतीन तासांच्या आत बसली पाहिजे.

साताऱ्यातच जेवायचं ठरलं तर पोवई नाक्यापासून कुठेही पंधरा-वीस मिनिटं. राजवाडा आणि मोती चौकाच्या बाजूला दुपारी चारचाकी लावायला जागा शोधण्यातच वेळ जातो, तिकडे दुचाकी बरी. पाचवडवरून वाईमार्गे पाचगणी पन्नासेक किलोमीटर. वाटेत आनेवाडीचा टोलनाका आणि वाईपुढे पसरणीचा घाट. एरवी सव्वा तास धरा, मे महिन्यात आणि जोडून आलेल्या सुट्ट्यांत धरूच नका. म्हणजे पाचगणी सव्वाचार तासांचा बेत झाला, दुसऱ्या-तिसऱ्या वेळेसाठी. पुणे ११० किलोमीटर आणि मधे खंबाटकीचा घाट. त्यासाठी बाळ निदान रात्रीपुरतं आजीकडे राहायची सवय झालेलं हवं.

साताऱ्यात निव्वळ इटालियन करणारी ठिकाणं मोजकी. बहुतेक ठिकाणी मेनूकार्डात मंचुरियन आणि पनीर टिक्क्याच्या शेजारी इटालियनचं एक पान असतं. त्यात वाईट काही नाही, फक्त मागवताना ते लक्षात ठेवायचं. आदल्या दिवशी फोन करून एवढं विचारा:

- दुपारी शेवटची ऑर्डर किती वाजता घेता? (तीन म्हणाले तर तुम्ही साडेबारापर्यंत बसलेले हवेत.)
- पिझ्झ्याचं पीठ तुमच्याकडे मळता की बेस तयार आणता?
- भट्टी लाकडाची की विजेची?
- त्या दुपारी कुणाचा वाढदिवस किंवा मोठी पार्टी ठरली आहे का?

शेवटचा प्रश्न कुणी विचारत नाही, आणि सगळ्यात जास्त तोच कामाचा. तीस जणांची पार्टी असेल तर दोघांची ऑर्डर पाऊण तास मागे पडते. भट्टीचं उत्तर वेळेसाठी हवं असतं. चांगल्या तापलेल्या लाकडाच्या भट्टीत, म्हणजे साडेचारशे अंशांच्या आसपास, पातळ पिझ्झा दीड-दोन मिनिटांत भाजून निघतो. विजेच्या ओव्हनला आठ-दहा मिनिटं लागतात. चव दोन्हीकडे चांगली असू शकते.

टेबल खिडकीजवळचं किंवा कोपऱ्यातलं मागा, आणि नावाबरोबर वेळही पक्की सांगा.

टप्पा ५: फ्रीजवरचा कागद

तोंडी सूचना निम्म्या विसरल्या जातात, उरलेल्या निम्म्यांवरून नंतर वाद होतात. एकच कागद, मोठ्या अक्षरात, आजीचा चष्मा हाताशी नसला तरी वाचता येईल असा. वीस महिन्यांच्या बाळासाठी तो साधारण असा असेल:

१२.३० – मऊ वरणभात, तूप, कुस्करलेलं गाजर. भांडं गॅसजवळ झाकून ठेवलंय. नको म्हणाला तर दहा मिनिटांनी परत.
१.१५ – झोप. निळी गोधडी. पंखा दोनवर. पंधरा मिनिटांत झोपला नाही तर कडेवर घेऊन गॅलरीत.
१.३० – आम्हाला एक मेसेज: “जेवला, झोपला.”
३.१५ – उठेल. दूध फ्रीजमध्ये, आतल्या बाजूला.
देऊ नका – शेंगदाणे, चिक्की, फुटाणे, अख्खी द्राक्षं.
लगेच फोन – ताप, दुसऱ्यांदा उलटी, डोक्यावर आपटला, श्वासाला त्रास, अर्धा तास न थांबणारं रडणं.
डॉक्टरांचा नंबर, शेजारच्या काकूंचा नंबर, रुग्णवाहिका १०८.

“देऊ नका” ही ओळ आजीला टोचू शकते, पण ती ठेवायचीच. चार-पाच वर्षांच्या आतल्या मुलांच्या घशात अख्खा शेंगदाणा अडकू शकतो. द्राक्ष द्यायचंच तर उभं चिरून, चार तुकडे करून. वर्षाच्या आतलं बाळ असेल तर यादीत मधही लिहा, चाटणसुद्धा नाही.

सावधान: तापाचं औषध बाहेर काढून ठेवणार असाल तर बाटलीवरचा आकडा बघा. पॅरासिटामॉलचं सिरप ५ मिलीत १२० किंवा १२५ मिलिग्रॅमचं येतं आणि २५०चंही येतं. म्हणजे तोच एक चमचा दुप्पट होऊ शकतो. घरात दोन्ही बाटल्या असतील तर एक कपाटात बंद करा, आणि डॉक्टरांनी सांगितलेलं प्रमाण बाटलीवरच चिकटवा.

अंगावर पिणाऱ्या बाळासाठी: काढलेलं दूध २५ अंशांपर्यंतच्या खोलीत चार तास टिकतं, पण उन्हाळ्यात आपल्या घरात २५ अंश कुठले? सरळ फ्रीजमध्ये ठेवा, दारात नाही, आत. एका मोठ्या बाटलीपेक्षा साठ ते नव्वद मिलीच्या लहान बाटल्या करा, कारण बाळाचं तोंड लागलेलं दूध दोन तासांत संपवावं लागतं, नाहीतर ओतून द्यावं लागतं. गरम पाण्याच्या वाटीत बाटली धरून कोमट करायचं. मायक्रोवेव्ह नको, त्यात एका जागी चटका बसेल इतकं तापतं आणि वरून कळत नाही. सहा महिन्यांच्या आतलं बाळ असेल तर एकूण वेळ अडीच तासांवर आणा आणि निघण्याच्या अगदी आधी पाजून निघा. पर्समध्ये ब्रेस्ट पॅड आणि एक जादा ओढणी ठेवा.

टप्पा ६: उंबरा ओलांडणं

वेळ ११.४५. बाळ जागं, खेळत असलेलं आणि आजीच्या मांडीवर असावं.

नजर चुकवून पळू नका. त्या क्षणी रडणं टळतं, पण नंतर बाळ घरभर शोधत फिरतं आणि पुढच्या वेळी तुम्ही चप्पल घातली तरी रडायला लागतं. सांगून निघा: “आई-बाबा जेवायला जातायत. तू जेव, झोप, उठलास की आम्ही येतो.” एक पापा, टाटा आणि दार. सगळं मिळून मिनिटभर. रडलं तर परत आत येऊ नका. परत येऊन पुन्हा निघालात की तेवढंच रडणं दुसऱ्यांदा सोसावं लागतं, आणि ते आजीला.

तपासा, दाराच्या आत उभं असतानाच: पाकीट, गाडीची किल्ली, घराची दुसरी किल्ली, दोन्ही फोन चार्ज. आजीच्या फोनचा आवाज चालू आहे ना, हेसुद्धा.

आणि या दोन शब्दांपासून सांभाळा: “जाता जाता.” जाता जाता बँकेत, जाता जाता दळण, जाता जाता साडीचा फॉल. एकेक काम वीस मिनिटांचं म्हणत साडेतीन तासांतला तास जातो, आणि मग हॉटेलात “पटकन काय मिळेल?” असं विचारायची वेळ येते. त्या दुपारी एकही काम नाही. पेट्रोलसुद्धा आदल्या दिवशी भरा.

टप्पा ७: मागवणं

दोघांना पुरेल असा बेत: एक स्टार्टर, एक पिझ्झा, एक पास्ता, शेवटी एक गोड आणि दोन चमचे. सूप, गार्लिक ब्रेड, पिझ्झा आणि पास्ता असं सगळं मागवलं तर तीनदा मैदा पोटात जातो आणि परतीच्या वाटेवर डोळे मिटायला लागतात. स्टार्टरला ब्रुस्केत्ता हा भाजलेल्या पावावर टोमॅटो घातलेला प्रकार मागवलात तर गार्लिक ब्रेड गाळा. त्याऐवजी सॅलड घेतलं तर आणखी चांगलं.

पिझ्झ्याचा आकार बघून घ्या. बारा इंची पिझ्झा दहा इंचीपेक्षा थोडासाच मोठा वाटतो, पण क्षेत्रफळाने जवळपास दीडपट असतो. बरोबर पास्ता असेल तर दोघांना दहा इंची पुरे.

ऑर्डर देताना क्रम वेटरला तोंडाने सांगा: “आधी स्टार्टर. ते संपलं की पिझ्झा. पास्ता आम्ही सांगू तेव्हा.” हे न सांगितल्यास सगळं एकदम येतं. पिझ्झा थोडा थांबू शकतो, पास्ता नाही. पांढऱ्या सॉसचा पास्ता दहा मिनिटांत पिठल्यासारखा घट्ट होतो, आणि लसूण-तेलाचा आल्यिओ ओलिओ कोरडा पडून एकमेकाला चिकटतो.

सॉस कसा निवडायचा? मिश्र मेनूच्या हॉटेलात अराब्याता सगळ्यात कमी फसतो. टोमॅटो, लसूण, लाल मिरची, बास. इटालियनमध्ये या शब्दाचा अर्थ ‘रागावलेला’, तेव्हा सातारी जिभेला तो लवकर ओळखीचा वाटतो. आल्यिओ ओलिओ सोपा दिसतो, पण लसूण जरा जास्त तांबूस झाला की कडू. पेस्टो या हिरव्या सॉसमध्ये काजू किंवा दुसरा सुकामेवा असतो, ॲलर्जी असेल तर आधी विचारा. रिझोतो म्हणजे भात, नीट केला तर वीस मिनिटं लागतातच. पाच मिनिटांत आला तर तो आधी शिजवून ठेवलेला आहे असं समजा.

पास्ता थोडा कच्चा लागला म्हणून परत पाठवण्याआधी एक शेवई दाताखाली धरून बघा. भाताला कणी राहते तशी मधे अगदी बारीक कणी असेल तर तो बरोबर शिजला आहे, इटालियन लोकांना तसाच हवा असतो. पिठूळ लागून दातांना चिकटला तर मात्र खरंच कच्चा. तुम्हाला मऊच आवडत असेल तर लाजू नका, ऑर्डर देतानाच “थोडा जास्त शिजवा” म्हणा. “जरा आपल्या पद्धतीने झणझणीत करा” एवढं मात्र म्हणू नका. मग स्वयंपाकघरातून शेजवान सॉस घातलेला पास्ता येतो, आणि तो ना इकडचा ना तिकडचा. तिखट हवं तर टेबलावरचे मिरचीचे तुकडे आपल्या हाताने घाला.

शाकाहारी असाल तर इथे नीट विचारा:
- पार्मेझान चीज. अस्सल पार्मेझानमध्ये, म्हणजे पार्मिजानो रेज्जानोत, दूध घट्ट करायला वासराच्या जठरातलं रेनेट वापरतात. भारतात बनलेल्या बऱ्याच चीजमध्ये शाकाहारी रेनेट असतं. पाकिटावर हिरवी खूण आहे का, ते विचारता येतं.
- कार्बोनारा पास्त्यात अंडं असतं, अस्सलमध्ये डुकराचं मांसही.
- सीझर सॅलडच्या ड्रेसिंगमध्ये अँचोव्ही हा छोटा मासा असू शकतो.
- तिरामिसू या कॉफीच्या गोडात बहुधा अंडं, कधी मद्यही. बिनअंड्याचं आहे का ते मागवण्याआधी विचारा, खाऊन झाल्यावर नाही.

स्पॅगेटी खाताना काटा ताटलीच्या कडेला टेकवून चार-पाचच शेवया गुंडाळायच्या. पहिल्याच फेरीत पंधरा धरल्या की लिंबाएवढा गोळा होतो आणि अर्धा शर्टावर येतो. हे नको असेल तर पेने, म्हणजे छोट्या नळ्यांचा पास्ता घ्या.

वाईन घ्यायची तर जो गाडी चालवणार नाही त्याने. १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅमच्या पुढे कायद्याने गुन्हा आहे, आणि पसरणीच्या वळणांना तर तेवढीही नको.

टप्पा ८: टेबलावर

एक फोन आवाज चालू ठेवून टेबलावर पालथा, दुसरा खिशात. दीडच्या मेसेजची वाट बघायची, आपण होऊन फोन करायचा नाही. व्हिडिओ कॉल तर मुळीच नाही. शांत खेळणारं बाळ पडद्यावर आई दिसली की हंबरडा फोडतं. दीड वाजून गेला आणि मेसेज आला नाही तर पावणेदोनला एकच फोन, आजीला, तोही दोन वाक्यांचा.

बाळाचा विषय निघणारच. स्टार्टर येईपर्यंत काढा, मग बंद. घराचे हप्ते आणि कुणाच्या लग्नात कोण काय बोललं हेही त्या दुपारी नको.

बिल गोडाबरोबरच मागवा, नाहीतर शेवटची वीस मिनिटं वेटरला शोधण्यात जातात. साध्या रेस्टॉरंटात जीएसटी ५ टक्के. महागड्या रिसॉर्टच्या आवारात तो १८ असू शकतो. सेवा शुल्क वेगळं लावलं असेल तर ते देणं सक्तीचं नाही, काढायला सांगता येतं. टीप मनाने द्यावी.

टप्पा ९: परत येणं

पावणेतीनला उठा, म्हणजे साडेतीनच्या आत घरी. बेल वाजवू नका, दुसरी किल्ली त्यासाठीच बरोबर घेतली होती. बाळ झोपलेलं असेल तर झोपू द्या. जागं असेल तर तुम्हाला बघून रडेलही, आणि आजीला वाईट वाटेल. दिवसभर धरून ठेवलेलं रडू आई दिसल्यावर सुटतं, एवढंच ते असतं, हे आजीलाही सांगा.

“त्रास दिला का?” असं विचारू नका. “काय काय केलं तुम्ही दोघांनी?” असं विचारा. आजीला जास्त सांगावंसं वाटतं, आणि खरं काय झालं ते तुम्हालाही कळतं.

आजी-आजोबांसाठी आणायचंच असेल तर वेगळं आणा. पाव किलो कंदी पेढे किंवा त्यांच्यासाठी मागवलेला एक पूर्ण, कमी चीजचा पिझ्झा. उरलेले दोन तुकडे डब्यात भरून “तुमच्यासाठी आणलं” असं म्हणू नये.

ते उरलेले दोन तुकडे तुमचे. दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये ठेवा. रात्री मायक्रोवेव्हमध्ये नको, चामडं होतं. जाड तव्यावर मंद आचेवर ठेवा, तव्याच्या कडेला पाण्याचे चार थेंब शिंपडा, वर झाकण, तीन-चार मिनिटं. खालचा भाग पुन्हा कुरकुरीत होतो आणि चीज वितळतं. पांढऱ्या सॉसच्या पास्त्याला गरम करताना दोन चमचे दूध घाला, लाल सॉसला तेवढंच पाणी.